ग्राफिक्स कार्डाची गती : लाभ किती, जोखीम किती?

ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा बराचसा वेळ चित्र रचण्यापेक्षा संगणकाची वाट पाहण्यात जातो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्यास दहा सेकंदांच्या दृश्यासाठी २४० फ्रेम लागतात. प्रत्येक फ्रेमला पाच मिनिटे लागली, तर संगणक अखंड वीस तास चालतो. प्रकाश-सावलीचा हिशेब करून अंतिम चित्र उमटवण्याच्या या प्रक्रियेस रेंडरिंग म्हणतात. नवे कार्ड घेण्याची ऐपत नसलेला विद्यार्थी साहजिकच ओव्हरक्लॉकिंगकडे, म्हणजे आहे त्याच ग्राफिक्स कार्डाचा क्लॉक निर्मात्याने ठरवलेल्या गतीपेक्षा वाढवण्याकडे वळतो. या खटाटोपाचा हिशेब पालकांनाही ठाऊक असावा.

चिपमधील विजेचा वापर क्लॉकच्या प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती ५ टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेजही ५ टक्के वाढवावे लागले, तर वीज सुमारे १६ टक्के अधिक लागते आणि ती सारी उष्णता होऊन बाहेर पडते. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. मे महिन्यात विदर्भातील वसतिगृहाच्या खोलीत ती हवा आधीच तापलेली असते. ठरावीक तापमान ओलांडताच कार्ड स्वतःहून गती उतरवते. कमावले ते तिथेच गेले!

सारे सुरळीत झाले, तरी वीस तासांत वाचतो जेमतेम एक तास. मध्यरात्री ड्रायव्हर बंद पडला, तर सकाळपर्यंतची रात्र वाया जाते. शिवाय गेममधील चुकीचा ठिपका क्षणार्धात नाहीसा होतो, रेंडर झालेल्या फ्रेममध्ये मात्र तो कायम राहतो. म्हणून गेम खेळताना स्थिर वाटलेले कार्ड रेंडरिंगमध्ये विश्वासार्ह ठरेलच असे नाही.

माझ्या मते उलटी वाट, म्हणजे अंडरव्होल्टिंग, अधिक शहाणपणाची आहे. १.०५ऐवजी ०.९५ व्होल्टवर तीच गती टिकली, तर वरील नियमाने वीज सुमारे १८ टक्के कमी लागते. प्रत्येक चिपची सहनशक्ती निराळी असते. म्हणून व्होल्टेज थोडे थोडे उतरवत, दर टप्प्यावर स्वतःच्याच दृश्याच्या काही फ्रेम रेंडर करून पाहाव्यात.

खरी बचत मात्र कार्डाबाहेर आहे. ब्लेंडर या विनामूल्य सॉफ्टवेअरमधील सायकल्समध्ये चित्रातील दाणेदारपणा निम्मा करण्यास चौपट सॅम्पल लागतात. याचाच अर्थ, सॅम्पल निम्मे केल्यास दाणेदारपणा सुमारे १.४ पट होतो, वेळ मात्र जवळजवळ अर्ध्यावर येतो. उरलेले दाणे डीनॉइझर बऱ्याच अंशी पुसून टाकतो. आणि फ्रेम सलग व्हिडिओऐवजी स्वतंत्र पीएनजी चित्रे म्हणून साठवाव्यात; वीज गेली, तरी काम थांबले त्याच फ्रेमपासून पुढे सुरू करता येते.