तंबोऱ्याचा आवाज आधी ऐकू दे

पुणे



तुझ्या वेबसाइटची लिंक मिळून आठ दिवस झाले. "बाई, बघा आणि सांगा, लोक बघून जातात, पण फोन करत नाहीत," असं तू लिहिलं होतंस. मी ती चारदा पाहिली. दोनदा माझ्या फोनवर, एकदा भाचीच्या संगणकावर आणि एकदा क्लासला येणाऱ्या मुलींना दाखवून. तुला वरवरचं काही कळवून भागणार नव्हतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

साइट दिसायला नीटनेटकी आहे. तंबोरे झळाळताहेत, पानांची नक्षी सुरेख उठून दिसते. पण मिरजेच्या तंबोरे घडवणाऱ्या घराच्या साइटवर एकाही तंबोऱ्याचा आवाज नाही. आमच्यासारखी माणसं तंबोरा कानानं घेतात रे. तू तो फक्त डोळ्यांपुढे ठेवला आहेस.

मी पहिल्यांदा तुमच्या कारखान्यात आले तेव्हा तू लहान होतास. अब्बांनी चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा सूर कुठला?" मी काळी चार म्हटलं. भिंतीला टेकून ठेवलेल्या तंबोऱ्यांतला एक त्यांनी उचलला आणि ते लावत बसले. बराच वेळ एक शब्द बोलले नाहीत. घोडीवरचं सूत केसभर पुढे, केसभर मागे. आणि मग एकदम तो आवाज उघडला. खर्जातून गंधार आपोआप ऐकू यायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. किंमत मी त्यानंतर विचारली. तुझ्या साइटवर पहिल्याच पानावर किंमत विचारण्यासाठी फॉर्म आहे, नाव, गाव, ईमेल, सगळं भरा म्हणून. सूर कुठला, हे मात्र कुठेच विचारलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम हे कर. प्रत्येक तंबोऱ्याचा आवाज टाक. एकच नमुना सगळ्यांना लावू नकोस. जो तंबोरा फोटोत आहे, तोच वाजला पाहिजे, कारण एकाच वेळी एकाच हातानं घडवलेले दोन तंबोरेही सारखे बोलत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. पहाटे, गल्लीत रंधे आणि कानशी सुरू व्हायच्या आत ध्वनिमुद्रण कर. खिडक्या लाव, पंखा बंद कर. आवाजावर घुमारा चढवणारं कुठलंही सोंग लावू नकोस. मिनिटभर पुरे. पहिली काही सेकंदं सूत न घालता वाजव, मग सूत घाल आणि ते हळूहळू सरकवत जवारीची गुंज कशी खुलते ते ऐकू दे. ज्याला तंबोऱ्यातलं काही कळत नाही, त्यालाही त्या क्षणी कळेल की हे काम कशाचं आहे. साइट उघडताच आवाज आपोआप सुरू होऊ देऊ नकोस, लोक दचकून बंद करतात. आणि खाली एक ओळ लिही, "हेडफोन लावून ऐका." फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज पोचतच नाही. तुझा सगळ्यात भारदस्त तंबोरा तिथे डबा वाजल्यासारखा ऐकू येईल आणि दोष तुझ्या माथी बसेल.

दुसरं, मांडणी. तू "डिलक्स", "स्पेशल", "प्रीमियम" असे तीन भाग केले आहेस. माझ्या क्लासमधल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, यातला माझा कुठला?" मला उत्तर देता आलं नाही. त्याऐवजी गळ्याप्रमाणे मांड. काळी चार-काळी पाचला गाणाऱ्या बायकांसाठी हे, काळी एक-पांढरी दोनला गाणाऱ्या पुरुषांसाठी हे, प्रवासात नेता येईल असे लहान हे. प्रत्येकाखाली साध्या भाषेत लिही. लांबी किती, भोपळ्याचा घेर किती, तबली आणि दांडी कुठल्या लाकडाची, घोडी कशाची, तारा कुठल्या. तुनीचं लाकूड आणि भोपळा तुम्ही निवडता कसे, हे अब्बांना बोलतं कर आणि त्यांच्याच शब्दांत उतरव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्याची साल जाड का लागते, तो किती काळ वाळू द्यायचा, वाकडा निघाला तर काय करायचं, हे सारं त्यांना तोंडपाठ आहे. तू आत्ता जे लिहिलं आहेस ना, "उत्कृष्ट दर्जा, परंपरा आणि विश्वास", ते वाचून कुणाला काहीच कळत नाही. शेजारच्या दुकानाच्या पाटीवरही तेच आहे.

परंपरा सांगायचीच तर खरी सांग. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे कसे वळले, वाद्यं घडवणाऱ्या फरीदसाहेबांचं नाव गल्लीत अजून कोणत्या आदरानं घेतात, गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले त्याचा तुमच्या कलेला काय आधार झाला, हे तू घरात लहानपणापासून ऐकलेलं आहेस. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं बोधचिन्ह तू कोपऱ्यात चिकटवून ठेवलं आहेस, पण त्याचा अर्थ कुठेच सांगितलेला नाही. परदेशातला विद्यार्थी त्यावरून काय समजणार? तू ते वापरायला नोंदलेला असशील तर दोन ओळींत सांग. नसशील तर आधी नोंदणी करून घे आणि तोवर ते काढून ठेव. अब्बांच्या नावाला कुणी बोट दाखवता कामा नये.

आता शब्दांचं. आपण घरात तंबोरा म्हणतो. हिंदी पट्ट्यात तानपुरा म्हणतात, कर्नाटकात तंबुरा. इंग्रजीत तर त्याची स्पेलिंगं चार तऱ्हांची. माणूस गुगलवर आपल्या तोंडातला शब्द घालतो, तुझ्या तोंडातला नाही. तुझ्या साइटवर सगळीकडे एकच शब्द आहे आणि तोही बऱ्याच ठिकाणी फोटोतच रंगवलेला. फोटोत रंगवलेली अक्षरं शोधणाऱ्या यंत्रणेला मजकूर म्हणून नीट गवसतात याचा भरवसा नाही. ती मजकुरात लिही आणि हे सगळे शब्द वाक्यांत सहज येऊ देत. फोटोंचं वजनही कमी कर. माझ्या फोनवर पहिलं पान उघडेपर्यंत माझा चष्मा पुसून झाला. त्याहून अधिक कुणी थांबणार नाही.

फोटोबद्दल एक हट्ट आहे माझा. चकचकीत पुढची बाजू सगळेच दाखवतात. तू गळ्याचा सांधा जवळून दाखव, मागून भोपळा दाखव, खुंट्या दाखव. आणि एक फोटो असा, ज्यात अब्बा घोडीवर कानस फिरवताहेत, अंगात रोजचाच सदरा, भोवती लाकडाचा भुसा. फोटोवाला आणून त्यांना कोट घालून बसवू नकोस.

हे गळ्याच्या सांध्याचं मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीसाठी मी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून फोटो बघून तंबोरा मागवला होता. पेटी उघडली तेव्हा दांडी आणि भोपळा यांच्यामध्ये माझं बोट जाईल एवढी फट पडलेली. तारा ताणलेल्याच ठेवून पाठवला होता. त्या पोरीनं शिकवण्या करून पैसे साठवले होते. ती रडली आणि मी तिच्याशेजारी बसून राहिले. पैसे परत मिळायला किती दिवस गेले ते आठवायचं नाही. तुझ्यावर भरवसा ठेवणारी अशीच कुणी मुलगी असणार आहे. म्हणून पाठवणीचं एक वेगळं पान कर. तारा सैल करतो, मणी काढून वेगळे बांधतो, गळ्याला आधार देतो, आत मऊ भरण आणि बाहेर लाकडी खोकं, हे एकेक करून फोटोंसकट दाखव. वाटेत मोडला तर काय, कोण खर्च करणार, किती दिवसांत, हे मोठ्या अक्षरांत लिही. ते लिहायला भीती वाटत असेल तर आधी अब्बांशी बसून ठरव. अमेरिकेत किंवा लंडनला राहणारा मराठी माणूस भाव पाहण्याआधी हेच शोधतो. शंभरदा विचारलं जातं ते हेच.

भाव लिहायला तू कचरतोस हे मला ठाऊक आहे. गल्लीतले बघतील, कमी करून विकतील. पण भाव नसला की घेणारा संकोचतो, विशेषतः नवखा विद्यार्थी. त्याला वाटतं, आपल्या ऐपतीबाहेरचं असणार, विचारून हसं कशाला करून घ्या. "इतक्यापासून इतक्यापर्यंत" एवढं तरी लिही. आणि बनवायला किती आठवडे लागतात तेही लिही, थोडे जास्तच सांग, कमी कधीच नको.

एक गोष्ट तू पार विसरला आहेस. नवा तंबोरा माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. जवारी मात्र वरचेवर काढावी लागते, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. आणि मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर जे लोक गेले, त्यांतल्या कितीकांच्या माळ्यावर आजीचा तंबोरा गवसणीत पडून आहे. त्यांच्यासाठी साइटवर एक ओळसुद्धा नाही. दुरुस्तीचं पान कर. तू कुठल्या महिन्यात कुठल्या गावी येतोस ते तिथे लिही, आणि जुन्या तंबोऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांग. सूत कसं घालायचं, तार तुटली तर काय करायचं, पावसाळ्यात कसा जपायचा, असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ मराठीत आणि हिंदीत तू स्वतः बोलून कर. तू माझ्याकडे चार वर्षं गायलास ते जवारी नेमकी ऐकू यावी म्हणून. तुझं बोलणं ऐकून लोकांना ते कळेल.

एवढं सगळं एका महिन्यात होणार नाही आणि व्हायलाही नको. आधी पाच तंबोऱ्यांचे आवाज टाक, मला कळव. मी माझ्या सगळ्या मुलींना ऐकायला बसवते. कुठला कुणाला का आवडला, ते लिहून पाठवीन.

माझ्या काळी चारच्या तंबोऱ्याची जवारी बसली आहे, दोन महिने झाले. पंचम नुसताच टणटण करतो. डिसेंबरात सवाई महोत्सवाच्या सुमारास पुण्याला येशील तेव्हा कानस घेऊन ये. हात लावायच्या आधी तो आहे तसा रेकॉर्ड करू, मग झाल्यावर. दोन्ही तुझ्या साइटवर घाल. अब्बांना नमस्कार सांग, अम्मीच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझ्या बाई