एक परिचारिका, बेचाळीस खाटा
(द्वितीय वर्ष, कला)

परिचारिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी राहते. आठवीत असताना मीही निबंधात तिला ‘करुणेची मूर्ती’ म्हटले होते आणि दहापैकी आठ गुण मिळवले होते. क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ साली, ३८ स्त्रियांना घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली, एवढे त्या निबंधात होते. परत आल्यावर तिने किती सैनिक जखमांनी मेले आणि किती अस्वच्छतेतून पसरलेल्या रोगांनी मेले याचा आकडेवार हिशेब मांडला, आणि १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने तिला आपली पहिली स्त्री सदस्य करून घेतले, हे मात्र आम्हांला कोणी सांगितले नव्हते. गेल्या वर्षी आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्यानंतर मला तिच्या दिव्यापेक्षा तिची हिशेबाची वही अधिक मोलाची वाटू लागली आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे कोणी आजारी पडले की कागद वाचायला म्हणून मला बरोबर नेतात. गेल्या पावसाळ्यात आजोबा गोठ्यात पाय घसरून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात त्यांना दाखल केले. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. इतरत्र फार वेगळे चित्र असेल असे मला वाटत नाही. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मी अकरा रात्री त्यांच्या खाटेशेजारी चटई टाकून काढल्या. पुरुषांचा हाडांचा वॉर्ड, खाटा ४२, आणि रात्री आठ ते सकाळी आठ एकच सिस्टर. मदतीला एक मावशी, तीही दोन वॉर्डांत वाटलेली.

नवव्या दिवशी पहाटे आजोबांचे अंथरूण बदलताना कमरेखाली रुपयाएवढी जखम दिसली. शय्याव्रण. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने काका आले, त्यांनी ते पाहिले आणि ते भडकले. “माणूस कुजला तरी बघत नाही, पगार कशाचा घेता?” असे म्हणत त्यांनी सिस्टरवर हात उगारला. मावशी मध्ये आली म्हणून तो पडला नाही. मी तिथेच उभा होतो, पण काही बोललो नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझाही राग सिस्टरवरच होता. त्या मागे सरकल्या, औषधांच्या ट्रॉलीला धडकल्या आणि पुढच्या खाटेचे इंजेक्शन भरू लागल्या. त्यांचा हात थरथरत होता. इंजेक्शन दिल्यावर त्यांनी वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण चढवले. तसे कधी करायचे नसते, सुई तशीच पांढऱ्या डब्यात टाकायची असते. कारण त्या एका टोचणीतून हिपॅटायटिस बी होऊ शकतो. हे त्यांनीच मला नंतर सांगितले.

त्या रात्री त्या स्वतःहून आजोबांच्या खाटेशी आल्या. “बाळा, तू खांद्याला धर, मी कमरेला धरते,” म्हणाल्या. दोन पायांत उशी ठेवून, डॉक्टरांनी सांगितलेल्या कुशीवर माणूस कसा वळवायचा हे त्यांनी मला शिकवले. मग म्हणाल्या, “दर दोन तासांनी वळवायला हवे. मी एकटी किती जणांना वळवू?” यात तक्रारीचा सूर नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. मी चटईवर बसून वहीत गणित केले.

बारा तास म्हणजे ७२० मिनिटे. त्यांना ४२ ने भागले तर माणशी १७ मिनिटे. त्यांतच पाळीचा रिपोर्ट घेणे व देणे, गोळ्या, इंजेक्शने, सलाइन, ताप व रक्तदाब पाहणे, नवा रुग्ण आला तर त्याची भरती, आणि हे सारे नोंदवणे. कारण या व्यवसायात जे लिहिले नाही ते केले नाही असे धरतात. आता अंथरुणाला खिळलेले रुग्ण त्या रात्री नऊ होते. प्रत्येकाला बारा तासांत सहा वेळा वळवायचे, म्हणजे ५४ वेळा. एका वेळेला दहा मिनिटे धरली तर ५४० मिनिटे, नऊ तास! आणि या कामाला माणसे लागतात दोन.

आपल्या देशात याचे प्रमाण ठरलेले नाही असे नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेपोटी ३० टक्के जादा असाव्यात, असे सुचवले आहे. ही रजेची बाब आपण विसरतो. आठवड्याच्या पाळ्या २१. एक परिचारिका त्यांतल्या सहा करते. म्हणजे वॉर्डात अष्टौप्रहर एकच परिचारिका दिसायची तरी नेमणूक साडेतीन जणींची हवी, आणि रजा-आजारपण धरले तर साडेचार जणींची. ‘चार नर्स नेमल्या आहेत’ असे कोणी सांगितले की वॉर्डात चार जणी असतात अशी आपली भाबडी समजूत असते.

कमी परिचारिका असल्या की केवळ गैरसोय होते असेही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून हे प्रमाण बांधून दिले व २००४ पासून ते अमलात आणले. आपल्याकडे प्रमाण सुचवलेले आहे, पण ते मोडले म्हणून कोणाला जाब विचारला गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

येथे अरुणा शानबाग यांचे स्मरण होते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, काम संपवून तळघरात कपडे बदलत असताना तेथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. परिचारिकेने कपडे कोठे बदलायचे हा प्रश्न किती क्षुल्लक वाटतो! त्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे पन्नास वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या रुग्णालयात रात्रपाळीवरील तरुण डॉक्टर स्त्रीची हत्या झाली, तेव्हा विश्रांतीची सुरक्षित खोली हाच विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

पण मला अरुणाताईंची दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या, तोवर जवळजवळ ४२ वर्षे के.ई.एम.च्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ साली दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा न्यायालयापुढे आले की इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेला नाही. ज्या व्यवसायाने हे करून दाखवले, त्याला कूस बदलणे ठाऊक नाही किंवा त्याची कळकळ नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आजोबांच्या वॉर्डात कमी पडले ते हात.

आमच्या वॉर्डाच्या दारावर एक पाटी होती. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर, परिचारिका आदींवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती. काकांना वाचता येत नाही. मी त्यांना ती वाचून दाखवली नव्हती, आणि कूस बदलण्याविषयीही नवव्या दिवसापर्यंत कोणाला विचारले नव्हते. विद्यार्थिमित्रांपैकी ज्याच्यावर रुग्णाजवळ राहण्याची वेळ येईल त्याने हे पहिल्याच दिवशी विचारावे.

आजोबा घरी आले. जखम भरायला तीन महिने लागले. आई, काका आणि मी पाळ्या लावून त्यांना वळवत होतो. रात्री दोनची पाळी काकांची. चौथ्या की पाचव्या रात्री, मी मदतीला उठलो असताना, त्यांनी विचारले, “त्या बाईंकडे असे किती होते रे?” मी म्हणालो, “नऊ.” काका काही बोलले नाहीत. पुढे आजोबांना तपासणीला नेले तेव्हा ते एकटेच त्या वॉर्डाकडे जाऊन आले. सिस्टरांची बदली झाली होती. रात्रपाळीला कोण असते, असे त्यांनी मावशीला विचारले. एकच असते, म्हणाली.