शेजारची पट्टी इतकी दूर कशी?

माझीच एक चूक सांगतो. आमच्या तळेगाव स्टेशन भागातला नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. शाळेच्या स्नेहसंमेलनात बहीण गाणार आणि हा माऊथ ऑर्गनवर साथ करणार होता. बहिणीची पट्टी पांढरी पाच. त्याच्या जुन्या बाजावर 'जी' हे अक्षर होते, म्हणजे तीच पट्टी. पण आतले एक पाते तुटले होते. पुण्याच्या दुकानात 'जी' नव्हता, 'एफ' होता. मी बेधडक म्हणालो, "घे की! एफ म्हणजे पांढरी चार. बहीण एक स्वर उतरून गाईल."

साठवलेले पैसे मोडून त्याने तो आणला आणि मला ऐकवला. "सर, हा उतरला कुठे? हा तर चढलाय!"

मोबाइलवर कंप्रता मोजली. पहिल्या छिद्रात फुंकल्यावर जुना बाजा 196 हर्ट्झच्या आसपास, नवा 349च्या. एक स्वर खाली म्हणजे 175 हवे होते. 349 ही त्याची दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी चार! पट्टी मी सांगितली, सप्तक विचारलेच नाही.

असे का व्हावे? दहा छिद्रांच्या बाजात पितळेची 20 पाती असतात. प्रत्येक छिद्राला एक फुंकण्याचे, एक हवा ओढण्याचे. बासरीत स्वर ठरतो तो हवेच्या स्तंभाच्या लांबीवर. इथे मुख्यतः पात्यावर. पोलादी फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि बाहेरचे टोक छेडा. बाहेरचा भाग 20 सेंमीऐवजी 10 सेंमी ठेवलात तर कंप्रता दुप्पट नव्हे, चौपट होते. जाडी तीच ठेवून पाते एक सप्तक उतरवायचे तर लांबी सुमारे 1.4 पट हवी.

पण बाजाचा सांगाडा सगळ्या पट्ट्यांना तोच, जेमतेम 10 सेंमीचा. लांब पाते बसणार कुठे? मग कारागीर ते मुळाशी घासून पातळ करतात किंवा टोकाशी जड ठेवतात. यालाही मर्यादा आहे. फार जड पाते हवा खाते आणि उशिरा बोलते. फार उंच स्वरात पाती इवलीशी होतात. म्हणून नेहमीचे बारा बाजे एका सप्तकात बसवले आहेत. पांढरी पाच सर्वांत खाली, तिथून काळी चार, पांढरी सहा असे चढत पांढरी एक, म्हणजे 'सी', साधारण मध्यावर. पांढरी चार अकरावी आणि काळी तीन, 370 हर्ट्झ, सर्वांत वर. पेटीवर शेजारी असलेल्या दोन पट्ट्या इथे जवळजवळ दोन टोकांना गेल्या! खालचा 'एफ'ही मिळतो, पण तो 'लो एफ' म्हणून मुद्दाम मागावा लागतो.

आणखी एक अडचण होती. पहिल्या तीन छिद्रांत मध्यम आणि धैवत सरळ मिळत नाहीत. पूर्ण सप्तक चौथ्या ते सातव्या छिद्रातच. त्यामुळे जुना बाजा बहिणीच्या आवाजाच्या एक सप्तक वर वाजे, नवा दोन सप्तके. गाण्याबरोबर वाजवला की बाजाच ऐकू येई.

शेवटी बहीण पांढरी चारमध्ये गायली आणि त्याने फक्त कडव्यांमधल्या जागा भरल्या. 'लो एफ'चे पैसे मी देऊ केले. त्याने घेतले नाहीत.