बेरिआट्रिक शस्त्रक्रियेनंतर थबकलेले वजन : लंघनापूर्वी प्रथिनांचा हिशेब

प्रास्ताविक

स्थौल्याचा रुग्ण वैद्याकडे येणे ही काही नवीन गोष्ट नव्हे. परंतु अलीकडे एक निराळा रुग्ण आमच्याकडे येऊ लागला आहे. त्याने मोठ्या शहरात जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, पहिल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरलेले असते आणि मग काटा एका जागी थांबलेला असतो. २०११ मध्ये नागपूरचे नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या होत्या. आता समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावीही असा रुग्ण अपवादाचा राहिलेला नाही. शस्त्रक्रिया शहरात होते. पुढची सारी वर्षे मात्र रुग्ण गावातच जेवतो आणि अडचण आली की जवळच्या वैद्याचे दार ठोठावतो. म्हणून या विषयाचा विचार आपणांस करणे प्राप्त आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ४२ वर्षे वयाची एक रुग्णा आमच्याकडे आली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीनंतर सात महिन्यांत तिचे वजन ११२ किलोवरून ८४ किलोवर आले होते. पुढे सहा आठवडे ते तसूभरही हलले नव्हते. आम्ही नेहमीच्या सवयीने स्थौल्याची चिकित्सा योजिली : त्रिफळा गुग्गुळ, सकाळी मधूदक आणि रात्रीचे लंघन. पंधरा दिवसांत वजन २ किलोने उतरले. रुग्णा आनंदली, आम्हीही समाधानी झालो. पुढच्या भेटीस मात्र तिने सांगितले की, जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, जिना चढताना मांड्या भरून येतात आणि केस विंचरताना मूठभर केस हातात येतात. त्या दिवशी प्रथमच आम्ही तिच्या आहाराचा नीट हिशेब मांडला. दिवसभरात तिच्या पोटात जेमतेम २५ ते ३० ग्रॅम प्रथिने जात होती. उतरलेले २ किलो केवळ मेदाचे नव्हते, हे उमगण्यास आम्हांस विलंब झाला. ही चूक इतरांकडून होऊ नये, हा या लेखाचा हेतू होय.

वजन का थबकते?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दोहोंतही आहारमात्रा एकाएकी घटते. मात्र वजनाची उतरण सरळ रेषेत होत नाही. थबकण्याचे तीन प्रसंग ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रसंग साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेन या रूपाने साखर साठविलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. आरंभी हा साठा व पाणी निघून गेल्याने वजन वेगाने घटते. पुढे शरीर त्यातील काही भाग पुन्हा भरून काढते. आत मेद जळत असतो, पण काटा हलत नाही. येथे धीर देणे हीच चिकित्सा.

दुसरा प्रसंग काही महिन्यांनंतरचा. शरीर लहान झाले म्हणजे त्याची दैनंदिन गरजही कमी होते. त्यातच प्रथिने अपुरी पडली तर स्नायू झिजतात आणि विश्रांतीतही होणारा ऊर्जेचा व्यय आणखी घटतो. शिवाय बिस्किटे, चिवडा, मुरमुरे, सरबत असे पदार्थ लहान जठरातून सहज खाली उतरतात, तृप्ती देत नाहीत आणि नकळत दिवसभर खाल्ले जातात. आमची रुग्णा याच वर्गातील होती.

तिसरा प्रसंग बारा ते अठरा महिन्यांनंतर येतो. बहुतेकांचे वजन या सुमारास स्थिरावते. यास अडथळा न म्हणता नवी स्थिती म्हणावे.

प्रथिनांचे कार्य कोणते?

प्रथिने वाढविली की थबकलेला काटा लगेच खाली येतो, हा समज बरोबर नव्हे. प्रथिनांचे मुख्य कार्य मांसधातूचे रक्षण हे आहे. शस्त्रक्रियेनंतर घटणाऱ्या वजनात मेदाबरोबर स्नायूंचाही लक्षणीय वाटा असतो आणि ही झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक होते. पुरेशी प्रथिने व स्नायूंचा व्यायाम यांनी ती मर्यादित ठेवता येते. प्रथिनांनी तृप्ती अधिक काळ टिकते, हा आणखी एक लाभ. दिवसाला किमान ६० ग्रॅम, अथवा आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोस १ ते १.५ ग्रॅम, हे प्रमाण आज सामान्यतः मान्य आहे. वृक्कविकार असलेल्या रुग्णाचे प्रमाण मात्र त्याच्या तज्ज्ञ चिकित्सकानेच ठरवावे.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात (२१) अतिस्थूलासाठी गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे. पोटास आधार मिळावा पण मेदाचे पोषण होऊ नये, असा हा सूक्ष्म विचार आहे. त्यातील आहारद्रव्यांत यव, श्यामाक, कोद्रव यांच्याबरोबर जूर्णाह्वा म्हणजे ज्वारी, मुद्ग, कुलत्थ आणि आढकी म्हणजे तूर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कडधान्यांस येथे मानाचे स्थान आहे, हे लंघनाच्या भरात आपण विसरतो.

त्याच स्थानातील सन्तर्पणीय अध्यायात (२३) अपतर्पणाच्या अतियोगाने अग्नी, बल, वर्ण, ओज, शुक्र व मांस यांचा क्षय होतो असे सांगितले आहे. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण हा शरीराने स्थूल दिसला तरी अहोरात्र अपतर्पणाच्या अवस्थेत असतो. त्यास पुन्हा लंघन व लेखन देणे म्हणजे अपतर्पणावर अपतर्पण होय. सुश्रुताने मांसक्षयात स्फिक्, ऊरू, वक्ष, पिंडिका इत्यादी स्थानांची शुष्कता सांगितली आहे. थबकलेल्या वजनाच्या रुग्णात काट्यापूर्वी ही स्थाने पाहावीत.

आहाराच्या क्रमाविषयीही शास्त्र मार्गदर्शक आहे. शस्त्रक्रियेनंतर द्रव, मग मऊ, मग घन असा काही आठवड्यांचा क्रम असतो. पेया, विलेपी, यूष या संसर्जनक्रमाशी परिचित असलेल्या वैद्यास तो समजावून देणे कठीण नाही. त्रिविधकुक्षीय अध्यायातील कुक्षीच्या तीन भागांचा उपदेश तर या रुग्णास शब्दशः लागू पडतो. घनाहार व पाणी एका वेळी घेऊ नये. जेवणानंतर सुमारे अर्धा तास थांबून पाणी घोट घोट प्यावे.

समुद्रपूरच्या ताटातील हिशेब

आपल्या भागात तूर, हरभरा व सोयाबीन पिकते. तरी घरोघरी वरण पातळच असते. एका वाटी पातळ वरणात २५ ग्रॅम डाळ धरली तर प्रथिने ५ ते ६ ग्रॅम मिळतात. केवळ वरणातून ६० ग्रॅम गाठावयाचे तर दहा-बारा वाट्या लागतील आणि लहान झालेल्या जठरात ते अशक्य आहे. म्हणून घास थोडा पण घट्ट असावा आणि ताटातील प्रथिनांचा पदार्थ प्रथम खावा.

घनाहार सुरू झालेल्या शाकाहारी रुग्णासाठी आम्ही पुढील दिनक्रम वापरतो. सकाळी २०० मि.लि. दुधात २० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी : सुमारे १३ ग्रॅम. न्याहारीस ४० ग्रॅम मूगडाळीचे धिरडे : ९ ग्रॅम. दुपारी ३० ग्रॅम तूरडाळीचे घट्ट वरण, ज्वारीची अर्धी भाकर व १०० ग्रॅम दही : १२ ग्रॅम. चारच्या सुमारास ५० ग्रॅम पनीर : ९ ग्रॅम. रात्री २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, मऊ शिजवून : १२ ते १३ ग्रॅम. निजताना १५० मि.लि. दूध : ५ ग्रॅम. एकूण ६० ग्रॅमच्या आसपास होते. अंडे चालत असल्यास प्रत्येकी ६ ग्रॅम धरून बदल करावा. दूध सोसत नसल्यास दही-ताकाकडे वळावे. ताकात मात्र पाणी अधिक, प्रथिने कमी, हे ध्यानी ठेवावे.

सोयाबीनविषयी काहींच्या मनात अढी असते. परंतु १९३५ मध्ये याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीजींनी सोयाबीनचा आहारात प्रयोग करून पाहिला होता. आज शेतातून थेट बाजारात जाणारे हे धान्य नीट शिजवून आपल्या स्वयंपाकघरातही यावे.

वैद्यांनी पाळावयाची मर्यादा

वजन थबकले म्हणून वमन, तीक्ष्ण विरेचन वा दीर्घ लंघन योजू नये. शस्त्रक्रियेनंतर दिलेली बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची औषधे आपल्या कल्पांच्या भरवशावर बंद करू नयेत. वारंवार उलट्या होत असतील तर त्यास अम्लपित्त समजून वेळ दवडू नये. थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने चालताना तोल जाणे, दोन दोन दिसणे, बुद्धिभ्रम अशी गंभीर लक्षणे त्वरेने उद्भवू शकतात. अशा रुग्णास तसेच तीव्र पोटशूळ असलेल्या रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात धाडावे.

समारोप

आमच्या त्या रुग्णेचे लंघन आम्ही थांबविले, तिच्या शस्त्रक्रिया केंद्रातील आहारतज्ज्ञांशी बोलून वरील क्रम लावला आणि खुर्चीवरून उठबस करण्याचा साधा व्यायाम दिला. पुढील तीन महिन्यांत वजन केवळ ३ किलोने उतरले. कंबरेचा घेर मात्र ६ सें.मी.ने घटला आणि ती आधाराविना जमिनीवरून उठू लागली. काट्याच्या हिशेबाने हे यश लहान आहे. धातूंच्या हिशेबाने नाही. म्हणून वैद्यबंधूंना व भगिनींना आमची विनंती आहे की, असा रुग्ण आल्यास औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याने काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले ते लिहून घ्यावे. त्यानंतर त्यास खुर्चीवरून हात न टेकता उठावयास सांगावे. कोणती चिकित्सा टाळावयाची, याचा निर्णय बहुधा तेवढ्यातच होतो.