टाळ आणि टिंग-टिंग

आषाढी वारीत तुकाराममहाराजांची पालखी बारामतीहून इंदापुरास जाते. वाटेत बेलवडीस रिंगण रंगते. मृदंग घुमतो, टाळ खणखणतात. तेथल्या एका मुलाला टाळाचाच नाद अधिक प्रिय. घरी तो व्हिडिओ गेममधील उंच टिंग-टिंग तासन्‌तास ऐके. आजोबांना ती किरकिर वाटे. तिच्यातील काही अतितीव्र नाद तर त्यांच्या कानी पडतच नसत! लहानपणी माणसास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो. वयाबरोबर ही मर्यादा उतरते.

तो सूर इतका झगझगीत का? जुन्या खेळयंत्रांत विजेचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून सूर काढीत. अशा सुरात वरच्या पट्टीचे अनेक उपसूर मिसळतात. टाळावर टाळ आदळला की तसेच तीव्र उपसूर उमटतात.

नातवाने हे सांगितले, तेव्हा आजोबांनी खुंटीवरचा टाळ काढून त्याच्या कानाशी वाजविला.