सूक्ष्म अर्थशास्त्राचे पहिले वर्ष: गाडी नेमकी कुठे अडते

पदवीच्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवले जाते ते साधारणपणे मागणी, पुरवठा, लवचिकता, उपभोक्त्याचा समतोल, उत्पादन, खर्च आणि बाजाराचे प्रकार या क्रमाने. त्याच्याच जोडीला किंवा थोडे मागेपुढे गणिती अर्थशास्त्राचा पेपर येतो. त्यात फलने, समीकरणे, अवकलन, महत्तम-लघुतम मूल्ये आणि थोडे मॅट्रिक्स असते. दोन्ही पेपरांचे शिक्षक बहुधा वेगळे असतात, परीक्षा वेगळ्या दिवशी होतात आणि विद्यार्थी वह्याही वेगळ्या घालतात. पहिल्या वर्षीची बरीचशी पडझड या दोन वह्यांच्या मधल्या जागेत होते. एका वहीत आकृती असते, दुसऱ्या वहीत समीकरण असते. दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत हे परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत लक्षात येत नाही.

महाराष्ट्रात या अडचणीला शाळेपासूनची पार्श्वभूमी आहे. कला शाखेकडे गेलेल्या बहुतेक मुलांचे गणित दहावीलाच सुटते आणि वाणिज्य शाखेत ते ऐच्छिक असते. बी.ए.ला अर्थशास्त्र घेताना बारावीच्या गणिताची अट सहसा आड येत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला ती आहे, म्हणून तिथे पहिल्याच सत्रात अवकलन सुरू करता येते. इकडच्या विद्यार्थ्याला गणिताची गरज जाणवते ती तीन वर्षांनी, एम.ए.च्या प्रवेश परीक्षांच्या तयारीला बसल्यावर. आयआयटीच्या जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात गणिताचा वाटा चांगलाच आहे. तोवर आकृत्या पाठ करून पहिला वर्ग मिळालेला असतो आणि आपल्याला विषय येतो अशी खात्रीही झालेली असते. ही खात्री सगळ्यांत महाग पडते. याउलट अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेतून आलेला विद्यार्थी अवकलन झटपट करतो, पण आलेल्या आकड्याचा अर्थ विचारला की गप्प बसतो. दोघांचेही नुकसान सारखेच होते. फक्त दुसऱ्याला ते उशिरा कळते.

पहिली अडचण अक्षांपासून सुरू होते. गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घेतात. मागणीचा नियम सांगतो की किंमत बदलली की मागणी बदलते. म्हणजे किंमत स्वतंत्र चल. तरीही मागणी वक्राच्या आकृतीत किंमत उभ्या अक्षावर असते. फ्रेंच गणिती अर्थशास्त्रज्ञ कूर्नो यांनी १८३८ मध्ये मागणी हे किंमतीचे फलन म्हणून मांडले होते. आज रूढ असलेली अक्षांची मांडणी मुख्यतः आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मधून आली. एवढे नग खपायचे असतील तर ग्राहक जास्तीत जास्त किती किंमत देईल, असा उलटा प्रश्न ते विचारत होते. मार्शल १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरे आले होते. गणिताची भीती हे कारण त्यांच्या बाबतीत संभवतच नाही. तरीही त्यांनी आकृत्या तळटीपांत आणि गणित परिशिष्टात ठेवले.

अक्षांचा हा उलटेपणा एकदा नीट बसवून घेतला नाही तर लवचिकतेत हमखास चूक होते. समजा, मागणी = १०० − २ × किंमत. किंमत ४० असताना मागणी २० नग. लवचिकता काढायची तर किंमतीतल्या बदलामुळे मागणीत होणारा बदल (−२) घ्यायचा आणि त्याला किंमत भागिले मागणी (४० ÷ २० = २) याने गुणायचे; उत्तर −४. आकृती पाहून काम करणारा विद्यार्थी मात्र वक्राचा उतार मोजतो. किंमत उभ्या अक्षावर असल्यामुळे तो उतार −१/२ येतो, आणि त्याच गुणाकाराने लवचिकता −१ निघते. हे उत्तर दिसायला इतके नीटनेटके असते की कुणाला शंकाही येत नाही. मागणी अतिशय लवचीक असताना ती एकक लवचीक आहे असे लिहून पुढचे सगळे विवेचन चुकीच्या पायावर उभे राहते.

याच समीकरणावर आणखी थोडा वेळ घालवणे फायद्याचे आहे. किंमत २५ असताना मागणी ५० आणि लवचिकता −१. किंमत १० असताना मागणी ८० आणि लवचिकता −०.२५. रेषा सरळ आहे, तिचा उतार कुठेही बदलत नाही, तरी लवचिकता प्रत्येक बिंदूवर वेगळी. आता विक्रेत्याचे एकूण उत्पन्न पाहावे: ४० ला ८००, २५ ला १,२५०, १० ला पुन्हा ८००. लवचिकता एकपेक्षा जास्त असेल तिथे किंमत कमी केल्याने उत्पन्न वाढते आणि एकपेक्षा कमी असेल तिथे घटते, हा पाठ केलेला नियम इथे तीन आकड्यांत उभा राहतो. ‘चपटा वक्र म्हणजे लवचीक मागणी, उभट वक्र म्हणजे अलवचीक’ हे गाइडमधले वाक्य मात्र तपासून घ्यावे. दोन वक्र एकमेकांना छेदतात त्या बिंदूपाशी ते खरे आहे, एरवी नाही.

मागणीतला बदल आणि मागणी केलेल्या नगसंख्येतला बदल हा फरक पहिल्या आठवड्यात शिकवला जातो आणि तिसऱ्या महिन्यात विसरला जातो. किंमत बदलली तर त्याच वक्रावर वरखाली सरकायचे. उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलली तर वक्रच जागा सोडतो. समीकरणात हा फरक अधिक स्वच्छ दिसतो, कारण तिथे नेमका कोणता आकडा बदलला हे लिहावेच लागते. कराचे उदाहरण घ्यावे. मागणी वरचीच, पुरवठा = ३ × किंमत. समतोल किंमत २०, नग ६०. आता सरकारने विक्रेत्याकडून दर नगामागे ५ रुपये कर घेतला. तोंडी विचारले तर निम्मा वर्ग सांगतो की किंमत २५ होईल. लेखी विचारले तर अनेक जण पुरवठ्याच्या समीकरणात ५ मिळवतात. त्यामुळे पुरवठा वाढतो आणि करामुळे किंमत उतरल्याचे उत्तर येते. उत्तर बाजारात घडणे शक्य नाही, तरी ते वहीत जसेच्या तसे राहते. बरोबर मांडणी अशी, की विक्रेत्याच्या हातात किंमत वजा ५ एवढेच पडतात, म्हणून पुरवठा = ३ × (किंमत − ५). त्यावरून ग्राहकाची किंमत २३, विक्रेत्याला १८ आणि नग ५४. कराचे ३ रुपये ग्राहकावर पडले, २ विक्रेत्यावर. सरकारला २७० रुपये मिळाले आणि न झालेल्या ६ नगांच्या व्यवहारांमुळे १५ रुपयांचे कल्याण कुणाच्याच पदरात न पडता नष्ट झाले. कर कायद्याने कुणावर बसवला आणि त्याचा भार प्रत्यक्षात कुणी सोसला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पानभर निबंधापेक्षा या चार ओळींत अधिक पक्के होते.

एकूण, सरासरी आणि सीमांत ही तीन मापे म्हणजे या विषयाचा कणा. सीमांत म्हणजे शेवटच्या नगाने पडलेली भर, आणि अवकलन हे तीच भर मोजण्याचे साधन. एवढे एक वाक्य समजले तर गणिताच्या पेपरची निम्मी भीती जाते. गोंधळ होतो तो सीमांत घटले म्हणजे एकूणही घटले असे धरल्याने. सीमांत उपयोगिता घटत असताना एकूण उपयोगिता वाढतच असते. ती थांबते सीमांत शून्य झाल्यावर. सरासरी मात्र वेगळ्या नियमाने चालते, आणि तो समजायला डॉन ब्रॅडमनची शेवटची खेळी पुरेशी आहे. १९४८ मध्ये ओव्हलवर उतरताना त्यांच्या ६९ वेळा बाद होऊन ६,९९६ धावा होत्या, म्हणजे सरासरी १०१ च्या वर. त्या डावात ते शून्यावर बाद झाले. एकूण धावा तेवढ्याच राहिल्या, सीमांत धावा शून्य, आणि सरासरी ९९.९४ वर उतरली. नवी भर सरासरीपेक्षा कमी असली की सरासरी खाली येते, जास्त असली की वर जाते. म्हणूनच सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर छेदतो. आकृतीत ही छेदनाची जागा डावीउजवीकडे सरकली की परीक्षक गुण कापतो आणि विद्यार्थ्याला तो जाच वाटतो. खरे तर छेदनबिंदू दुसरीकडे असणे अंकगणितालाच मान्य नाही.

या बाबतीत मोठ्यांचेही पाय घसरले आहेत. जेकब व्हायनर यांनी १९३१ मध्ये खर्चवक्रांवर एक लेख लिहिला. दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर स्पर्श करील आणि कुठेही त्याच्या वर जाणार नाही, अशी आकृती काढायला त्यांनी आपल्या आकृत्या काढून देणाऱ्या वाँग यांना सांगितले. वाँग गणिती होते. अशी रेषा काढता येत नाही, असे त्यांनी सांगितले. व्हायनर यांनी आग्रह सोडला नाही. लेख नंतर पुन्हा छापला गेला तेव्हा ही चूक शोधण्याचा आनंद पुढच्या विद्यार्थ्यांनाही मिळावा म्हणून व्हायनर यांनी ती तशीच राहू दिली. दीर्घकालीन वक्र उतरत असेल तिथे त्याला स्पर्श करणारा वक्रही त्या बिंदूवर उतरतच असणार. स्पर्शबिंदूवर दोघांचा उतार सारखा, हे अवकलनाचे पहिले पान; आणि आपल्या तळाशी असलेल्या वक्राचा उतार तर शून्य असतो. समीकरण न मांडता आकृती काढली की असे होते.

महत्तम नफ्याच्या प्रकरणात गणित येणाऱ्यांची पाळी येते. सीमांत उत्पन्न बरोबर सीमांत खर्च ही अट सगळ्यांना तोंडपाठ असते. पण ती अट पुरेशी नाही. समजा, पूर्ण स्पर्धेतल्या एका संस्थेचा एकूण खर्च = नगांचा घन − ६ × नगांचा वर्ग + १५ × नग, आणि बाजारातली किंमत ६. अवकलन करून सीमांत खर्च किंमतीइतका ठेवला की दोन उत्तरे येतात: १ नग आणि ३ नग. घाईत पहिले उत्तर लिहून मोकळे होणारे पुष्कळ. एका नगावर संस्थेला ४ रुपये तोटा होतो आणि तो जवळपासचा सर्वांत मोठा तोटा आहे! तीन नगांवर नफा शून्य. दुसऱ्यांदा अवकलन करून चिन्ह पाहिले असते तर हे लगेच उमगले असते. ते न जमल्यास दोन्ही आकडे नफ्याच्या सूत्रात टाकून पाहणेही चालते. आता दुसरा प्रश्न उभा राहतो, की शून्य नफ्यावर संस्था धंद्यात का राहील? अर्थशास्त्राच्या हिशेबात खर्चामध्ये मालकाच्या श्रमाचा आणि भांडवलाचा मोबदलाही धरलेला असतो. हे उत्तर गणिताच्या वहीत कुठेच सापडत नाही.

मक्तेदारीत चूक शेवटच्या पायरीवर होते. वरच्याच मागणीत सीमांत उत्पन्न = ५० − नग; सीमांत खर्च १० असेल तर नग ४०. इथपर्यंत बहुतेक पोचतात आणि मग किंमतही १० लिहून टाकतात. किंमत सीमांत उत्पन्नावरून ठरत नाही. ४० नग खपवण्यासाठी ग्राहक काय देईल ते मागणी वक्रावर पाहायचे, आणि ती किंमत ३० येते. मक्तेदाराचा सगळा नफा या दोन आकड्यांतल्या अंतरात असतो.

उपभोक्त्याच्या समतोलाला लाग्रांज पद्धत आली की विद्यार्थ्याला सर्वसंकटहारक मंत्र सापडल्यासारखे वाटते आणि तो प्रत्येक गणितावर चालवला जातो. दोन वस्तू एकमेकींच्या पूर्ण पर्यायी असतील, उपयोगिता = २ × पहिली + दुसरी असेल आणि दोन्हींची किंमत सारखीच असेल, तर लाग्रांजच्या अटी एकमेकींना खोडून काढतात. ‘उत्तर अस्तित्वात नाही’ असा शेरा मारून कित्येक जण पान उलटतात. उत्तर अगदी सरळ आहे: सगळे पैसे पहिल्या वस्तूवर खर्च करायचे. समवृत्ती वक्र आणि अंदाजपत्रक रेषा कागदावर काढली असती तर ते अक्षावरच्या टोकाला दिसले असते. म्हणून गणित सोडवण्याआधी बोटभर आकृती काढावी आणि सोडवून झाल्यावर उत्तर एका मराठी वाक्यात लिहावे. लाग्रांज गुणकाचेही तसेच. तो काढायचा आणि टाकून द्यायचा आकडा नव्हे. उत्पन्न एका रुपयाने वाढले तर उपयोगिता सुमारे किती वाढेल, ते तो सांगतो.

पुस्तकांच्या बाबतीत एकच मोठे पुस्तक धरून बसण्यापेक्षा दोन शेजारी ठेवावीत. हॅल व्हेरियन यांच्या ‘इंटरमीजिएट मायक्रोइकॉनॉमिक्स’मध्ये मुख्य मजकूर बराचसा अवकलनाशिवाय आहे आणि प्रकरणांच्या परिशिष्टांत तेच गणिताने मांडलेले आहे, दोन वह्यांचा मेळ घालायला ही रचना सोयीची. गणितासाठी अल्फा चियांग यांचे ‘फंडामेंटल मेथड्स ऑफ मॅथेमॅटिकल इकॉनॉमिक्स’ १९६७ पासून चालत आले आहे. दहावीनंतर गणित सोडलेल्याने त्यात थेट महत्तम-लघुतमाच्या प्रकरणांवर उडी मारू नये. फलन, समीकरणांतला समतोल आणि बदलाचा दर ही सुरुवातीची प्रकरणे उदाहरणांसह सोडवावीत. त्या प्रकरणांतली उदाहरणे बाजाराचीच असल्यामुळे, मागणी-पुरवठ्याचा भाग वर्गात चालू असतानाच ती सोडवायला घेतलेली बरी.