पुस्तक घ्या, देव्हारा नको

पालकहो, पुस्तकांच्या दुकानात मुलांच्या कप्प्यासमोर उभं राहिलं, की हल्ली ओळखीची नावं दिसू लागतात. २०२० साली करण जोहरचं मुलांसाठीचं पुस्तक आलं, २०२२ मध्ये सोहा अली खान आणि कुणाल खेमू या जोडप्याचं, २०२४ मध्ये आलिया भटचं. पडद्यावरची माणसं आईबाप झाली, की त्यांनाही गोष्टी सुचू लागतात. त्यात वावगं काही नाही. तुमच्या-माझ्या घरीही रात्री अंथरुणावर गोष्टी रचल्या जातातच, फक्त त्या छापायला कुणी दारात येत नाही, एवढंच.

अशा पुस्तकांचा विषय निघाला, की पालकांमध्ये दोन तट पडतात. एक आई म्हणते, "एवढं नाव कमावून मुलांसाठी वेळ काढतात, म्हणजे मुलांनी त्यांचा आदर्श घ्यायलाच हवा." शेजारचे बाबा म्हणतात, "छे हो! यांची लफडी रोज पेपरात वाचायची आणि वर यांचीच पुस्तकं मुलांना द्यायची?" दोघांची काळजी खरी आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुस्तक चांगलं असेल तर खुशाल घ्या, पण मुखपृष्ठावर नाव आहे एवढ्यावर त्या माणसाला मुलाच्या मनातल्या देव्हाऱ्यात बसवू नका. पुस्तकाचं खातं वेगळं, माणसाचं वेगळं.

मॅडोनाचं उदाहरण घ्या. २००३ साली या पॉप गायिकेने 'द इंग्लिश रोझेस' हे मुलांचं पुस्तक लिहिलं. एकाच दिवशी शंभराहून अधिक देशांत आणि तीस भाषांत ते दुकानांत आलं. याच बाईंनी १९९२ साली 'सेक्स' नावाचं प्रौढांसाठीचं छायाचित्रांचं पुस्तक काढून जगभर खळबळ उडवली होती. त्यामुळे लोकांनी नाकं मुरडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण गोष्ट काय होती? चार मैत्रिणी बिना नावाच्या सुंदर, गुणी मुलीवर जळतात आणि तिला आपल्यात घेत नाहीत. मग एक परी त्यांना गुपचूप तिच्या घरी नेते. तिथे त्यांना कळतं, की बिनाला आई नाही आणि घरातली सगळी कामं तीच करते. चौघी वरमतात. दुसऱ्याचं आयुष्य बाहेरून दिसतं तसं नसतं, हे सांगणारी साधी गोष्ट आहे. मुलीला ती वाचून दाखवताना मॅडोनाचं चरित्र मध्ये आणण्याचं कारण नाही. आणि ती गोष्ट आवडली, म्हणून बाईंचं सगळं अनुकरण करण्याजोगं ठरतं असंही नाही. गंमत अशी, की प्रसिद्ध माणसांबद्दल मुलांना जे सांगायला हवं, तेच ती गोष्ट सांगते.

आता असं एखादं पुस्तक घरी आणलंत, तर वाचायच्या आधी मुलाबरोबर एक शोध घ्या. मुखपृष्ठावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात कोणाचं नाव आहे? मग चित्रं कोणी काढली? ते नाव कधी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं, कधी आतल्या पानावर. ऋणनिर्देश असेल तर तोही वाचा. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रंच सांगतात. ब्रिटिश विनोदी नट डेव्हिड वॉलियम्स याचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक 'द बॉय इन द ड्रेस' २००८ साली आलं. त्यातली चित्रं क्वेंटिन ब्लेक यांची, म्हणजे बाललेखक रोआल्ड डालची पुस्तकं ज्यांच्या रेषांनी ओळखली जातात त्यांची. हे मुलाला दाखवलंत, की एक पुस्तक बनायला किती हात लागतात ते त्याला आपोआप समजतं.

काही वेळा लिहिणारा हातही दुसराच असतो. २०१४ साली झोई सग या तरुण यूट्यूबरची 'गर्ल ऑनलाइन' ही कादंबरी आली आणि पहिल्याच आठवड्यात ७८ हजारांहून जास्त प्रती खपल्या. थोड्याच दिवसांत प्रकाशकांनीच सांगितलं, की ती तिने एकटीने लिहिलेली नाही. तिच्यासारखं लेखिका व्हायचं, म्हणून वही घेऊन बसलेल्या कितीतरी मुलींचा हिरमोड झाला असेल. मदत घेण्यात कमीपणा नाही. ती आधीच सांगितली असती, तर मुलींना उलट धीर आला असता.

नाव मोठं असलं, की कधीकधी तपासणीही ढिली पडते. जेमी ऑलिव्हर हा नावाजलेला ब्रिटिश शेफ. शाळांमधलं जेवण सुधारावं म्हणून त्याने मोहीम चालवली, म्हणून पालकांच्या गळ्यातला ताईत. त्याच्या 'बिली अँड द एपिक एस्केप' या पुस्तकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी मुलीचं पात्र होतं. तिथल्या आदिवासी समाजातून हरकत आली, की हे चित्रण अपमानास्पद आहे आणि आमच्या दुःखाची त्यात जाण नाही. जाणकारांना दाखवून घेण्याचं काम प्रकाशनगृहाकडून राहून गेलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुस्तक बाजारातून मागे घेतलं गेलं आणि जेमीने माफी मागितली. मुलांशी बोलायला हा प्रसंग फार चांगला आहे. एका विषयातला जाणकार दुसऱ्या विषयात कच्चा असू शकतो, आणि चूक दाखवली की ती मान्य करता येते.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. लेखकावर गंभीर आरोप झाले तर?

बिल कॉस्बी हे एके काळी टीव्हीमुळे अमेरिकेतल्या घराघरांतले लाडके बाबा होते. १९९७ पासून त्यांची 'लिटल बिल' ही लहान मुलांची मालिका आली. पुढे अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी वाचनालयांत सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांची यादी काढते. २०१६ च्या यादीत पहिल्या दहांत 'लिटल बिल' होती. आतल्या एका ओळीवरही आक्षेप नव्हता, आक्षेप लेखकावर होता. २०१८ मध्ये न्यायालयाने कॉस्बींना दोषी ठरवलं. २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने खटल्याच्या प्रक्रियेतल्या कारणावरून तो निकाल रद्द केला. या पुस्तकांमधली चित्रं मात्र व्हार्नेट हनीवुड या चित्रकर्तीची आहेत. कृष्णवर्णीय मुलांचं रोजचं घर, शेजारपाजार तिने मायेने रंगवला. २०१० साली ती वारली. पुस्तक कपाटातून काढलं, तर तिचंही काम जातं.

अशा वेळी एकच नियम सगळ्या घरांना लागू पडेल असं मला वाटत नाही. अशा लेखकाला आपले पैसे द्यायचे नाहीत, असं तुम्ही ठरवलंत तर ते रास्तच आहे. घरात आधीपासून असलेलं पुस्तक लहानग्याच्या हातातून हिसकावू नका, एवढंच सांगेन. मूल मोठं असेल, त्याच्या कानावर काही आलं असेल, तर बोलणं टाळू नका. ते साधारण असं होऊ शकतं :

"आई, हा माणूस वाईट आहे?"

"त्याने आपल्याला फार त्रास दिला, असं पुष्कळ जणींनी सांगितलंय. मला त्यांचं म्हणणं महत्त्वाचं वाटतं."

"मग त्याने इतकी छान गोष्ट कशी लिहिली?"

"छान लिहिता येणं हे एक काम झालं आणि नीट वागणं हे दुसरं. एक जमलं म्हणून दुसरं जमतंच असं नाही."

"मला ती गोष्ट आवडली होती. माझं चुकलं का?"

"नाही रे राजा. तुला गोष्ट आवडली. त्याचं वागणं तुला ठाऊकही नव्हतं."

इथे थांबू नका. याच बोलण्यात आणखी एक गोष्ट सांगून टाका. मुलांसाठी गाणारा, लिहिणारा, त्यांना हसवणारा माणूस केवळ तेवढ्यावर विश्वासाचा होत नाही. शिकवणीचे सर असोत, क्रिकेटचे कोच असोत किंवा नात्यातले लाडके काका असोत, कुणाचं वागणं विचित्र वाटलं, तर तो कितीही चांगला म्हणून गाजलेला असला तरी घरी येऊन सांगायचं. मोठं नाव पाहून मुलं गप्प बसतात. ती गप्प बसू नयेत, म्हणून तरी आपण या नावांना देव्हाऱ्याबाहेर ठेवलं पाहिजे.

हे फक्त नटांपुरतं नाही. एनिड ब्लायटन तर हाडाची बाललेखिका. तरीही तिच्या धाकट्या मुलीने १९८९ साली आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात आईच्या मायेला आचवलेलं बालपण आहे. लाखो मुलांना रमवणारी बाई स्वतःच्या घरी कमी पडली. तिची पुस्तकं त्यामुळे कपाटातून काढावीत असं मला वाटत नाही.

मग नावाजलेल्या माणसांकडून घ्यायचं तरी काय? त्यांची एखादी नेमकी कृती घ्या. इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफोर्ड गरिबीत वाढला, शाळेत मोफत मिळणाऱ्या जेवणावर शिकला. २०२० च्या जूनमध्ये, करोनाच्या काळात, सुट्टीतही गरीब मुलांना जेवणाची मदत मिळावी, म्हणून त्याने ब्रिटनच्या खासदारांना उघड पत्र लिहिलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने आपला निर्णय फिरवला. सुमारे तेरा लाख मुलांच्या जेवणाचा तो प्रश्न होता. पुढच्या वर्षी त्याचं 'यू आर अ चॅम्पियन' हे मुलांसाठीचं पुस्तक आलं, तेही पत्रकार कार्ल अँका यांच्या सोबतीने, आणि ती सोबत त्याने लपवली नाही. नंतर मैदानावर त्याचे वाईट दिवसही आले. पण गोल होईनात म्हणून आधी मिळालेलं जेवण कुणाच्या पोटातून परत गेलं नाही.

अमेरिकन गायिका डॉली पार्टन हिचे वडील निरक्षर होते. १९९५ मध्ये तिने आपल्या टेनेसीतल्या गावाकडे, सेव्हियर काउंटीत, एक योजना सुरू केली. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक टपालाने घरी, तेही फुकट. आता ही योजना अनेक देशांत चालते आणि वाटलेल्या पुस्तकांचा आकडा वीस कोटींच्या पुढे गेला आहे. तिने मुलांसाठी लिहिलंही आहे, पण मुलांना सांगण्यासारखं आहे ते तिचं हे वाटणं.

लेखक स्वतः आदर्श असावा, ही अपेक्षा आपल्या मनात कुठून आली असेल? मला वाटतं, साने गुरुजींमुळे. अमळनेरच्या शाळेतला हा मास्तर, ज्याने १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. लिहिणं आणि जगणं असं एका रेषेत आलं, की वाचकाला तोच मापदंड वाटू लागतो. पण दर पिढीला गुरुजी कुठून मिळणार? आणि त्या पुस्तकात आदर्श म्हणून उभी आहे कोण? कोकणातल्या पालगडची एक बाई, जिला गावाबाहेर कुणी ओळखत नव्हतं.

प्रसिद्ध माणसाने मुलांसाठी कसं लिहावं, याचा मासलाही आपल्याकडे आहे. दिलीप प्रभावळकर यांचा 'बोक्या सातबंडे' आधी आकाशवाणीवर आला, मग पुस्तकांत आणि २००९ मध्ये चित्रपटात. बोक्या उचापती करतो, ओरडा खातो आणि कुणी अडचणीत दिसलं, की धावून जातो. मुलांना आवडतो तो बोक्या. लेखक कोण, हे कित्येकांच्या गावीही नसतं. आणि हेच प्रभावळकर 'झपाटलेला'त तात्या विंचू होतात, तर 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी. दोन्ही दृश्यं मुलांना एकापाठोपाठ दाखवा. भूमिका वेगळी आणि माणूस वेगळा, हे समजावण्यासाठी मग वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

आदर्श कसे घ्यावेत, हे भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला सांगितलं आहे, आणि एकनाथ महाराजांनी ते मराठीत आणलं. अवधूताचे गुरू चोवीस. पृथ्वीकडून तो सहनशीलता शिकला. बाण घडवणाऱ्या कारागिराकडून तल्लीनता, कारण समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्या कारागिराला पत्ता नव्हता. पिंगला नावाच्या गणिकेलाही त्याने गुरू मानलं, ते एका रात्री तिने आशा सोडून मन शांत केलं म्हणून. तिच्या बाकीच्या आयुष्याची त्याने झडती घेतली नाही आणि तिचं देऊळही बांधलं नाही. एकेकाकडून एकेक गुण घेतला आणि पुढे चालू लागला.

आपल्या मुलांनाही असंच निवडून घ्यायला शिकवू या. कुणी म्हणालं, "मला त्याच्यासारखं व्हायचंय," तर लगेच टाळ्या नकोत आणि टोमणाही नको. एवढंच विचारा, "त्याच्या कोणत्या गोष्टीसारखं?" उत्तर 'त्याच्या बुटांसारखं' असं आलं, तर हसून घ्या आणि थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा. 'त्याने मुलांच्या जेवणासाठी पत्र लिहिलं तसं' असं आलं, तर त्याच आठवड्यात कागद-पेन काढून द्या. शाळेच्या पिण्याच्या पाण्याबद्दल, मैदानातल्या कचऱ्याबद्दल, बंद पडलेल्या वाचनालयाबद्दल त्याला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहू द्या. शुद्धलेखन तपासा, मजकूर त्याचाच राहू द्या, खाली सही त्याची असू द्या आणि पत्र द्यायला त्याच्याबरोबर जा.